बोंझूर, जोहार आणि नमस्कार

परक्या घराच्या दारात आपण प्रथम काय करतो? वहाणा काढतो, क्षणभर थबकतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे पाहून दोन्ही हात जोडतो. बोलणे त्यानंतर सुरू होते. हा थबकण्याचा क्षण फार लहान असतो. पण आलेला माणूस मानी की नम्र, जवळ करावा असा की अंतरावर ठेवावा असा, याचा निर्णय पुष्कळदा तेवढ्यातच होऊन जातो. भाषा एकच असेल तर चुकलेला शब्द पुढच्या बोलण्यात सावरून घेता येतो. भाषा निराळी असेल तर पुढचे बोलणेच खुंटते, आणि सारा भार त्या पहिल्या शब्दावर येऊन पडतो.

तो भार एका सबंध नगराने कसा उचलला हे पाहावयाचे असेल, तर वाचकहो, आपण भिलाईला चलावे.

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर सोडून पूर्वेकडे निघाले की राजनांदगाव लागते, दुर्ग लागते आणि रायपूरच्या अलीकडे भिलाई येते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. त्या वेळी हा मुलूख ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. आज तो छत्तीसगड राज्यात आहे. दल्ली-राजहराच्या डोंगरांतील लोखंडाचे खनिज येथे येऊ लागले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातखाचरांच्या माळावर चार वर्षांत वितळलेल्या लोखंडाचा प्रवाह वाहू लागला.

भट्ट्यांची कहाणी आपण अनेकदा वाचली असेल. आज पाहावयाची आहे ती माणसांची गोष्ट. बंगाल, पंजाब, आंध्र, केरळ, तामिळनाडू, ओरिसा, बिहार आणि अर्थातच महाराष्ट्र अशा सर्व बाजूंनी माणसे येथे आली. नव्या वसाहतीतील सेक्टरांत एका भिंतीला दोन भाषा नांदू लागल्या. सकाळी नळावर एका बाजूने 'वणक्कम', तर दुसऱ्या बाजूने 'सत् श्री अकाल' ऐकू यावे, आणि बंगाली गृहस्थाचा 'नॉमोश्कार' व मराठी गृहिणीचा 'नमस्कार' एकच आहे हे कळण्यास थोडा वेळ लागावा, असा तो काळ. भिलाईला लोक 'लघु भारत' म्हणतात ते उगीच नव्हे. आणि या सर्वांच्या जोडीला सातासमुद्रांपलीकडून आले होते सोव्हिएट तंत्रज्ञ व त्यांची कुटुंबे.

आरोग्य असो!

रशियन लोकांचा औपचारिक नमस्कार उच्चारावयास मोठा अवघड: 'झ्द्रास्त्वुयत्ये'. दुभाषे होते, पण प्रत्येक पाळीला, प्रत्येक भट्टीपाशी दुभाषा कोठून असणार? निदान पहिला शब्द तरी ज्याचा त्यालाच म्हणावा लागे. या जिभेला पीळ घालणाऱ्या शब्दाचा अर्थ मात्र आपल्याला जवळचा वाटावा असा आहे: 'आरोग्यवान असा.' लहान मूल नमस्कारास वाकले म्हणजे आपली आजी 'औक्षवंत हो' म्हणते, त्याच जातीचा हा शब्द. आपल्याकडे तो आशीर्वाद वडिलांनी धाकट्यांना द्यावयाचा. रशियन माणूस तोच भेटेल त्याला देतो.

यात एक मेख आहे. 'झ्द्रास्त्वुयत्ये' हा शब्द आदरार्थी, तसाच अनेकांना उद्देशून वापरावयाचा. मुलाला किंवा जिवलग मित्राला म्हणावयाचे ते नुसते 'झ्द्रास्त्वुय'. शेवटच्या 'त्ये'मध्ये आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' यांमधले सारे अंतर साठवलेले आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. 'ये' आणि 'या' यांतला फरक ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडला आहे, त्याला हा नियम आपलाच वाटेल.

दुसरीही एक ओळखीची खूण आहे. भिलाईच्या उभारणीच्या काळात सोव्हिएट पथकाचे मुख्य अभियंता होते व्हेनियामिन एमान्युइलोविच दिमशित्स; पुढे ते सोव्हिएट संघाचे उपपंतप्रधान झाले. त्यांच्या नावातील मधला शब्द म्हणजे वडिलांचे नाव: एमान्युइलचा पुत्र. आदराने हाक मारताना रशियन माणूस आडनाव घेत नाही; स्वतःचे नाव व वडिलांचे नाव असे मिळून घेतो. आपल्याही नावाच्या मधोमध वडील उभे असतात. इंग्रजी शिष्टाचाराने आपल्याला 'मिस्टर अमुक' म्हणावयास शिकविले. रशियन शिष्टाचार त्या मानाने आपल्या दाराच्या जवळचा निघाला.

आणि दाराचीच गोष्ट निघाली आहे तर हेही सांगितले पाहिजे की, रशियन माणूस उंबरठ्यावरून हस्तांदोलन करीत नाही. पाहुण्याने आत यावे किंवा यजमानाने बाहेर जावे, मगच हात मिळवावेत. उंबरठ्यावरून देणे-घेणे करू नये असे सांगणारी आजी भिलाईत असती, तर तिने या पाहुण्यांना तत्काळ घरचे मानले असते.

बोंझूर म्हटल्यावाचून

त्या वेळी पाहुणे आपल्या दारी आले होते. आता आपल्या मुलाबाळांवर पाहुणे होण्याची पाळी आली आहे. सोव्हिएट संघ १९९१ मध्ये इतिहासजमा झाला. भिलाईच्या नावाची आयआयटी २०१६ मध्ये सुरू झाली, आणि अशा संस्थांतून शिकलेली मुले उच्च शिक्षणासाठी दूरदूरच्या देशांत जातात. त्यांपैकी एक फ्रान्स. म्हणून भिलाईने रशियनबाबत जो धडा गिरवला, तो आपण फ्रेंचबाबत गिरवून पाहू.

फ्रेंच नमस्कार म्हणजे 'बोंझूर'. शब्दशः अर्थ 'शुभ दिवस'. यातील 'झ' हा 'माझा'तला नव्हे आणि 'झेंडा'तलाही नव्हे. 'श' म्हणताना जीभ असते तेथेच ठेवावी आणि कंठातून नाद सोडावा, म्हणजे तो साधतो. 'बों'मधला अनुस्वार नाकातच विरावा. शेवटचा 'र' जिभेच्या टोकाने न म्हणता घशातून यावा. उच्चार थोडा चुकला तरी कोणी रागावत नाही. शब्द मुळीच उच्चारला नाही तर मात्र रागावतात.

हे नीट लक्षात घेण्याजोगे आहे. आपण दुकानात शिरतो आणि 'साखर काय भावाने?' असे थेट विचारतो. त्यात दुकानदाराचा अपमान झाला असे कोणालाच वाटत नाही. फ्रान्समध्ये असे केले तर तो उद्धटपणा ठरतो. पाववाल्याच्या दुकानात, टपालकचेरीच्या खिडकीपाशी, बसमध्ये चढताना, वैद्याच्या बैठकीच्या खोलीत शिरताना, प्रथम 'बोंझूर' म्हणावयाचे. शक्य तर त्यापुढे स्त्रीला 'मादाम' आणि पुरुषाला 'मस्यो' जोडावयाचे. काम काय ते मग. निघताना 'मेर्सी' म्हणजे आभार आणि 'ओ रव्वार' म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. ग्राहक राजा असतो ही समजूत तेथे चालत नाही. दुकानदार हा त्या जागेचा यजमान, आणि आत येणारा हा त्याचा पाहुणा. आणि पाहुण्याने दारात काय करावे हे तर आपण आरंभीच पाहिले.

अविवाहित तरुणीला पूर्वी 'मादमुआझेल' म्हणत. पुरुषाला विवाहावरून निराळे नाव नाही, मग स्त्रीलाच का, असा प्रश्न पुढे आला आणि २०१२ मध्ये फ्रेंच सरकारने आपल्या कागदपत्रांतून तो शब्द काढून टाकला. 'सौ.' की 'कु.' हे प्रत्येक अर्जात भरीत आलेल्या आपल्या भगिनींना या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

दिवस मावळतीला लागला की 'बोंझूर'ची जागा 'बोंस्वार' घेतो, म्हणजे शुभ संध्याकाळ. 'बॉन न्युई', म्हणजे शुभ रात्री, हे शब्द मात्र निजावयास जाणाऱ्यालाच म्हणावयाचे. रात्रीच्या जेवणाला आलेल्या पाहुण्याने दारात शिरताना ते म्हटले तर यजमान बुचकळ्यात पडेल. 'आलो' हा शब्द दूरध्वनीपुरता. एकाच माणसाला एका दिवसात दोनदा 'बोंझूर' म्हटले तर सकाळची भेट आपण विसरलो असा त्याचा समज होतो. दुसऱ्या भेटीला नुसते स्मित पुरते. निरोप घेताना 'बॉन झुर्ने', म्हणजे आपला दिवस चांगला जावो, असे म्हटले तर दुकानातली वृद्ध स्त्रीही मान वर करून पाहील.

मित्रामित्रांत 'साल्यू' चालते, भेटताना आणि निघतानाही. हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ आरोग्य, कुशल. म्हणजे भिलाईतल्या भट्टीपाशी रशियन अभियंता जे इच्छीत होता, तेच पॅरिसचा विद्यार्थी आपल्या मित्राला इच्छितो. त्यामागून 'सा व्हा?' असा प्रश्न येतो: ठीक चालले आहे ना? उत्तरही तेच, फक्त स्वर उतरता: 'सा व्हा.' आपल्या दुखण्याची हकीकत तेथे सुरू करावयाची नसते.

ओळखीच्यांत गालाला गाल लावून ओठांनी हलका नाद करण्याची रीत आहे. तिला 'बीझ' म्हणतात. कोठे दोनदा, कोठे तीनदा, कोठे चारदाही. प्रांताप्रांतांत संख्या बदलते. नवख्याने आपण होऊन पुढे सरसावू नये; हात पुढे करावा. २०२० च्या महासाथीत ही रीत थांबली. त्याच वर्षी मार्च महिन्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांनी स्पेनच्या राजाराणीचे स्वागत दोन्ही हात जोडून केले. तेव्हा परदेशात हात जोडण्यास आपल्या मुलांनी संकोच करण्याचे काही कारण नाही.

तू की तुम्ही?

फ्रेंचमध्येही 'तू' साठी 'त्यू' आणि 'तुम्ही' साठी 'व्हू' आहे. 'कोमाँ ताले व्हू?' म्हणजे 'आपण कसे आहात?' अनोळखी माणूस, वडीलधारी मंडळी, अधिकारी, दुकानदार या सर्वांना 'व्हू'. आईला, भावंडांना, मित्राला 'त्यू'. 'व्हू'वरून 'त्यू'वर यावयाचे असेल तर वयाने वा मानाने मोठ्या माणसाने आधी तसे सुचवावे अशी रीत आहे. या दोन संबोधनांसाठी त्या भाषेत स्वतंत्र क्रियापदेही आहेत. आपल्या 'अरे-तुरे करणे' आणि 'अहो-जाहो करणे' यांचीच ती भावंडे म्हणावीत.

या दोन छोट्या शब्दांवरून एके काळी मोठे राजकारणही झाले. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, सर्व नागरिकांनी परस्परांना 'त्यू' म्हणावे असा आग्रह धरला गेला. 'मस्यो'चा मूळ अर्थ 'माझे धनी', म्हणून तोही गेला आणि त्याच्या जागी 'नागरिक' हा शब्द आला. हेतू उदात्त होता: कोणी कोणाचा धनी नाही. पण काही वर्षांतच 'व्हू' परतला आणि 'मस्यो'ही परतला. फरक एवढाच की आज तेथील पाववाला न्यायाधीशाला 'मस्यो' म्हणतो आणि न्यायाधीशही पाववाल्याला 'मस्यो'च म्हणतो. सर्वांना 'तू' करून जी समता रुजली नाही, ती सर्वांना 'आपण' म्हटल्याने पुष्कळ अंशी साधली. घरकाम करणाऱ्या बाईला, हमालाला, रिक्षावाल्याला आपण कोणत्या सर्वनामाने हाक मारतो, याचा विचार येथे ज्याने त्याने करावा.

मराठी घरांत 'बोंझूर' अगदीच नवा आहे असेही नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर १८३४ पासून भारतातून कंत्राटी मजूर नेले गेले. त्यांत कोकणातली कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज गणेशोत्सव साजरा करतात, त्यांची मुले शाळेत मराठी शिकतात, आणि बाजारात मात्र ती फ्रेंचपासून निपजलेली क्रिओल बोलतात. तेथे 'बोंझूर'मधला तो कठीण 'झ' सैल होऊन थेट 'माझा'तल्या 'झ'सारखा होतो. पुढचा प्रश्न 'की मान्येर?', म्हणजे 'कसे काय?' घरात नमस्कार, रस्त्यावर बोंझूर. एकाने दुसऱ्याला घराबाहेर काढलेले नाही.

घरधन्याचा नमस्कार

आता पुन्हा भिलाईला येऊ. कारण एक हिशेब बाकी राहिला आहे.

कारखाना उभा राहिला तो मोकळ्या आकाशाखाली नव्हे. तेथे खेडी होती, शेते होती. अनेक खेड्यांची जमीन त्यासाठी घेतली गेली. त्या खेड्यांतली माणसे छत्तीसगडी बोलत. नव्याने आलेल्यांत रशियन नमस्कार शिकण्याची हौस होती; १९५५ पासून 'हिंदी-रूसी भाई-भाई' ही घोषणा देशभर दुमदुमत होती, आणि ते योग्यच होते. पण ज्याच्या शेतावर आपले घर उभे राहिले, त्याचा नमस्कार कोणता, हे किती जणांनी विचारले असेल? मोठ्याच्या भाषेतला नमस्कार आपण चटकन शिकतो. ज्याच्याकडून आपले काहीच अडत नाही, त्याचा नमस्कार वर्षानुवर्षे शेजारी राहूनही कानाआड जातो.

तो नमस्कार आहे 'जय जोहार'. त्याचे उत्तरही 'जय जोहार'. आदिवासी समाजांत त्याला विशेष मान आहे. शेजारच्या ओडिशात 'जुहार' म्हणून तोच भेटतो. मराठी वाचकालाही तो अपरिचित नाही. चोखामेळा आणि एकनाथ यांच्या 'जोहार' प्रकारातील रचना आपल्या संतवाङ्मयात आहेत. परंतु आपल्याकडे हा शब्द एकाच दिशेने चाले. गावकुसाबाहेरच्या महाराने गावातल्या मोठ्यांना जोहार करावा. त्यांनी उलट जोहार म्हणण्याचा प्रश्नच नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांनी 'जय भीम' हे अभिवादन स्वीकारले तेव्हा नुसता शब्द बदलला नाही, दिशा बदलली. जो शब्द द्यावा तोच परत यावा, असे झाले. छत्तीसगडातल्या 'जय जोहार'ची शोभा यातच आहे. तेथील सतनामी समाजाचा 'जय सतनाम', कबीरपंथीयांची 'साहेब बंदगी' हेही असेच दुतर्फा चालणारे नमस्कार होत.

या मातीत याहूनही गोड एक रीत आहे. दोन माणसे, बहुधा निरनिराळ्या घरांतली वा जातींतली, विधिपूर्वक मैत्री जोडतात. तिला 'मितान' म्हणतात. कोणी जगन्नाथाचा महाप्रसाद एकमेकांना देऊन 'महाप्रसाद' होतात, कोणी 'गंगाजल' होतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुली टोपलीत उगवलेले गव्हाचे कोवळे अंकुर परस्परांना देतात आणि 'भोजली' होतात. त्यानंतर त्या एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत. भेटल्या की म्हणतात, 'सीताराम भोजली!' येथे नमस्कार आणि नाते एकच झाले. हे नाते जन्मभर टिकते आणि दोन्ही घरे सुखदुःखात एकमेकांच्या उंबरठ्याशी येतात. आमच्या लेकी परप्रांतात वा परदेशात गेल्या असता अशी एखादी मैत्रीण त्यांना लाभावी, याहून अधिक कोणती आई मागेल?

याच परिसरातल्या गनियारी गावच्या तीजनबाई भिलाईच्या कारखान्यात नोकरीला होत्या. पंडवानी गाताना त्यांनी आपली छत्तीसगडी कधी सोडली नाही; ती घेऊनच त्या फ्रान्स, इंग्लंड, मॉरिशस अशा देशांत गेल्या, आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण झाल्या. आपला शब्द स्वाभिमानाने घेऊन जाणे आणि दुसऱ्याचा शब्द आदराने घेणे, या दोन गोष्टींत विरोध नाही.

तेव्हा वाचकहो, मुलगा पॅरिसला निघाला असेल तर त्याच्या सामानात गरम कपड्यांबरोबर 'बोंझूर' आणि 'ओ रव्वार' जरूर द्यावेत. दारात थबकून ते म्हणण्याची सवय आधी घरीच लावावी. आणि तो निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. आपल्या जिन्यात, चाळीत वा वसाहतीत निराळ्या भाषेचे एखादे कुटुंब असेल. सकाळी दूध टाकणारा, भाजी आणणारी, रस्ता झाडणारा कोणी असेल. त्यांच्या घरी परस्परांना काय म्हणून नमस्कार करतात, हे त्यांनाच विचारावे आणि उद्या सकाळी तोच शब्द त्यांना द्यावा. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. फ्रेंच 'ओ रव्वार' आणि रशियन 'दो स्विदानिया' यांचा अर्थही पुन्हा भेटेपर्यंत असाच आहे. पण पुन्हा भेटण्यासाठी आधी एकदा भेटलेले असले पाहिजे.

येतो तर मग. जय जोहार!